मंजूर म्हणजे काय मंजूर?

परवा आमच्या सोसायटीची वार्षिक सभा इतक्या झटपट उरकली की उशिरा येणाऱ्यांना ती अजून व्हायचीच आहे असं वाटलं. ते खुर्च्या उलगडून बसत होते आणि आम्ही मिटत होतो. मी विषय वाचायचा, समोरून 'मंजूर' यायचं, की पुढचा विषय. सोसायटीचा सेक्रेटरी मी आहे. नगरला सावेडीतल्या आमच्या इमारतीत हे पद ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला मिळतं. विमा कंपनीत आयुष्यभर लोकांना हो म्हणायला लावलं, त्याची ही शिक्षा असावी. तर परवा वाचताना मी प्रत्येक विषयानंतर जरा थांबत होतो. बायको म्हणाली, दम लागतो का? दम लागत नव्हता. मागच्या रांगेत खुर्ची करकरेल, म्हणून मी थांबत होतो. ती करकरवणारे नाना जाऊन आता वर्ष होत आलं, हे कानांना अजून कुणी कळवलेलं नाही.

नाना श्रीगोंद्याकडचे. घरचा बागायती ऊस, स्वतःची विहीर, आणि कुणापुढे वाकायची गरज नसल्यामुळे ताठ राहिलेला कणा. तरुणपणी ते पुण्याला वकिली शिकायला गेले आणि एका वर्षात परत आले. का आले, याच्या त्यांनी मला वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या. त्यातली खाणावळीतल्या आमटीवरून भांडण झाल्याची मला खरी वाटते. त्या वर्षानं त्यांचं एवढंच बिघडवलं की 'दुसऱ्या बाजूचं म्हणणं काय?' हा प्रश्न त्यांना कायमचा चिकटला. बोली मात्र त्यांनी गावाकडचीच ठेवली. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते लेकीकडे, सुनीताकडे आले. गुडघा बरा झाला तरी राहिले. अधूनमधून ऊस बघायला गावी जायचे आणि दोन दिवसांत भांडणाचा नवा साठा घेऊन परत यायचे. सुनीतानं फ्लॅटच्या कागदावर आपल्या नावाखाली त्यांचं नाव घातलं होतं, म्हणून सभेला बसायचा आणि मत द्यायचा हक्क त्यांना होता. तो त्यांनी ज्या प्रमाणात बजावला, ते पाहून सुनीताला नंतर पश्चात्ताप झाला असावा.

सभेत ते उभं राहूनच बोलत. समोर तिघंच असले तरी. उठताना टोपी काढून खुर्चीवर ठेवायचे, का तर जागेवर कुणी बसू नये. आणि बोलायचे ते विरोधात. पाण्याची टाकी धुवायचा विषय होता. यात कोण काय विरोध करणार? नानांनी केला. टाकी धुवायच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना पाणी कोण नेऊन देणार, हे ठरल्याशिवाय टाकीला हात लावायचा नाही म्हणाले. अर्धा तास गेला. मग मत घेतलं तर त्यांनी धुण्याच्या बाजूनं हात वर केला. मी वैतागून विचारलं, नाना, मग विरोध कशाला केलात?

"इरोध केला, मत बी दिलं," ते म्हणाले. "दोन येगळी कामं हायेत ती."

हे सगळं ऐकायला गोड वाटतंय, पण शेजारी म्हणून नाना त्रासदायक होते. लिफ्टच्या दुरुस्तीला त्यांनी इतका काळ हरकत घेतली की शेवटी स्वतःच तो नवा गुडघा धरून जिने चढत होते. कॅमेरे बसवायच्या विषयावर ते साफ चुकीचं बोलले आणि पटवून दिल्यावरही चुकीचंच बोलत राहिले. त्यांना पाहिलं की आमचे चेअरमन देशमाने साहेब डोळे मिटून घ्यायचे. साहेब सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, नीटनेटके, इमारतीसाठी खरोखर राबणारे. गळका पाइप दिसला की स्वतः कोपरापर्यंत हात घालणारे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की दहा माणसांचं चांगलं करायला दहा माणसांना विचारत बसलो तर पाइप गळतच राहील.

मीही साहेबांच्याच पंथातला. माझी कामाची पद्धत फार सोयीची होती. सभेचं इतिवृत्त मी सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द एकदा लिहायची सवय झाली की सभा ही केवळ औपचारिकता उरते. एकदा झालं असं की विषय वाचता वाचता माझा कागद उलटला, आणि चष्मा घरी राहिल्यामुळे मी जे दिसलं ते खणखणीत आवाजात वाचलं: "शेवटी नानांनी सर्वांचे आभार मानले व सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपली." तेव्हा आम्ही दुसऱ्याच विषयावर होतो.  नाना उठले, टोपी खुर्चीवर ठेवली आणि गंभीरपणे म्हणाले की मी आभार मानले असतील तर ते परत घेतो. त्या दिवशी पहिल्यांदा देशमाने साहेबही हसले. इतिवृत्त मी पुन्हा लिहिलं. 'खेळीमेळीच्या' एवढा शब्द राहू दिला, कारण तो आता खरा झाला होता.

या माणसाला हे वेड कुठून लागलं, ते मला त्यांच्या कारखान्याच्या सभेत कळलं. नाना त्यांच्या भागातल्या एका साखर कारखान्याचे जुने सभासद. वार्षिक सभेला मला घेऊन गेले. मी गेलो तो खरं तर जेवणासाठी. मसालेभाताचं वर्णन त्यांनी वाटेत फार मन लावून केलं होतं. मंडप भलामोठा, पुढे संचालक सोफ्यावर, मागे आम्ही. माइकवरचा माणूस विषय वाचायला लागला की वाक्य पुरं व्हायच्या आत पुढच्या रांगांतून आरोळी उठायची, "मंजूर, मंजूर." त्या आरोळीला एक ठेका असतो. भजनात टाळ्या आपोआप पडतात तसं होतं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला माझ्याही तोंडून गेलं, "मंजूर." माझ्या नावावर उसाचं टिपरूसुद्धा नाही. नानांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"काय मंजूर केलंस?"

मी इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्यानं सांगितलं की आत्ता जे वाचलं तो दिवंगत सभासदांच्या श्रद्धांजलीचा ठराव होता. म्हणजे वर्षभरात जे गेले, त्यांचं जाणं मी परगावाहून येऊन मंजूर केलं होतं.

नाना मात्र पुढच्या विषयाला उभे राहिले. कुठलीशी जमीन कुणालातरी वापरायला द्यायची असा काहीतरी विषय होता. नेमका तेव्हाच मागून मसालेभाताचा वास सुटला होता, आणि नानांच्या मते तो वासही विषयपत्रिकेत धरलेला होता. त्यांनी माइक मागितला, तो मिळाला नाही, मग तसंच ओरडून विचारलं, "मंजूर म्हंजी काय मंजूर, ते एकदा सांगा." लोक हसले. एकानं सदरा ओढून बसवायचा प्रयत्न केला. पुढून आरोळी उठली आणि विषय संपला. नाना खाली बसले. जेवताना त्यांनी भात दोनदा घेतला.

परत येताना मी म्हटलं, एवढं करून उपयोग काय झाला? ते म्हणाले, झाला की, यंदा माझी तोड मागं जाईल. मला कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. ऊस तोडायला टोळी कुणाच्या शेतात कधी पाठवायची ते कारखाना ठरवतो. सभेत उभा राहणाऱ्याकडे टोळी उशिरा जाते. तोवर उसाला तुरा येतो, वजन घटतं, आणि तक्रार कुणाविरुद्ध करायची तेच सापडत नाही, कारण टोळी आलेली असतेच, फक्त उशिरा. म्हणून माणसं आरोळीत आरोळी मिसळतात. "ती वाईट न्हाईत रं," नाना म्हणाले. "त्यांचा ऊस उभा हाय." त्या वर्षी नानांच्या उसाला तुरा आला. त्यांनी मला तो फोटोत दाखवला, नातवाचा फोटो दाखवावा तसा.

नंतर जानेवारीत एका शाळेनं मला 'लोकशाहीसमोरील आव्हाने' यावर बोलायला बोलावलं. विमा कंपनीतला निवृत्त माणूस या विषयावर का, असं विचारायला हवं होतं. पण मला नाही म्हणता येत नाही हे वर आलंच आहे. मी खपून भाषण रचलं. सत्तेचं केंद्रीकरण, पैशाचा प्रभाव, माध्यमांची घसरण, अफवांचा पूर, सगळं त्यात होतं. तालीम म्हणून नानांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपले. भाषण संपल्यावर डोळे न उघडताच म्हणाले, "ब्येस हाय. पर तुझी सगळी आव्हानं दिल्लीत ऱ्हात्यात. आपल्या जिन्यात एकबी न्हाई."

जिन्यातलं आव्हान पंधरवड्यात आलं.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे मालक पुण्यात असतात. तिथं रूपाली भाड्यानं राहायची. पारनेरकडची मुलगी, नगरच्या एका दवाखान्यात नर्स. तिच्या ड्युट्या उलटसुलट. पहाटे आली की लिफ्टचं दार आपटायची, आणि नाना पहिल्या मजल्यावर जागे व्हायचे. तिची स्कूटी सुनीताच्या स्कूटीपुढे आडवी असायची. नानांनी तिच्याबद्दल माझ्याकडे जितक्या तक्रारी केल्या तितक्या कुणीच केल्या नसतील. तीही कमी नव्हती. म्हातारपणी लोक लवकर उठतात असं ऐकलंय, तुम्ही का नाही उठत, असं तिनं नानांना तोंडावर विचारलं होतं.

एका सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला: पहाटेच्या वेळी एक तरुण पाठीवर गोणी घेऊन दुसऱ्या मजल्याचा जिना चढतोय. खाली एकच ओळ, 'हे काय चाललंय?' दुपारपर्यंत तो तरुण रोज येतो असं झालं होतं, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे दोन तरुण झाले होते. देशमाने साहेबांनी लिहिलं की आपल्याकडे मुलीबाळी आहेत, यापुढे फ्लॅट फक्त कुटुंबालाच भाड्यानं द्यावा, असलेल्या एकट्या भाडेकरूंनी महिन्याभरात जागा सोडावी, आणि यासाठी रविवारी विशेष सभा. मी तेव्हा दाढीला बसलो होतो. निरोप मिळाला हे कळवावं म्हणून ओल्या बोटानं त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकलं. मिनिटभरात कुणीतरी लिहिलं, 'सेक्रेटरींचीही संमती आहे.' मग त्याखाली अंगठ्यांची रांगच लागली.

नाना वर आले ते फोन हातात धरूनच. "शिकलेला मानूस ना रं तू? आन अंगठा देतूस?"

मी म्हटलं, तो 'मिळालं' या अर्थानं होता. ते म्हणाले, सावकारानं कागद पुढं केल्यावर सगळे 'मिळालं' याच अर्थानं अंगठा द्यायचे. मी विचारलं, पण नाना, तुम्हाला तर ती मुलगी नकोच आहे ना? ते जिन्याकडे वळले. मग म्हणाले, "लई आवाज करती." आणि खाली गेले.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. एवढी उपस्थिती आम्ही गणपतीलाही पाहिली नव्हती. साहेबांनी ठराव वाचला, शांतपणे, कुणाचं नाव न घेता, आणि विचारलं, सर्वांना मंजूर? सगळीकडून 'मंजूर' आलं. मला तो मंडपातला ठेका ओळखू आला आणि या खेपेला मी तोंड घट्ट मिटून धरलं. एवढाच माझा पराक्रम. खुर्ची करकरली.

"जिचा निकाल लावताय ती कुठं हाय?"

साहेब म्हणाले, ती सभासद नाही, तिला सभेत बसता येत नाही. नाना म्हणाले की मत देऊ नका तिला, बोलू तर द्या. "बैल इकायचा तरी त्याला सोडून गिऱ्हाइकाम्होरं आणत्यात. हितं मानसाचा सौदा चाललाय आन मानूस वर झोपलंय." कुणीतरी हसलं, पण साहेब हसले नाहीत. त्यांनीच मला वर पाठवलं.

रूपाली रात्रपाळी करून झोपली होती. तशीच आली, केसांना चिमटा, डोळे सुजलेले. तिला ठराव वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की फोटोतला तो माझा भाऊ आहे, पहिल्या एसटीनं येतो, गोणीत बाजरी असते. मग मागच्या रांगेतल्या एका काकांनी तिची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. ती माझं बीपी बघते, गुणाची पोर आहे, म्हणाले.

"काका, ते नका धरू यात," ती म्हणाली. "बीपी बघत नसते तर काढलं असतंत का? मी जाईन. पण काय केलं म्हणून जाते, ते लिहून द्या. पुढच्या घरी पहिलं तेच विचारतात. आधीच्या घरानं मला काहीच लिहून दिलं नव्हतं, तर मलाच काहीतरी बनवून सांगावं लागलं."

एवढं बोलून ती जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. कुणी तिच्याकडे बघेना. साहेबांनी घसा साफ केला आणि हात वर करून मत द्यायला सांगितलं. पाच-सहा हात लगेच वर गेले; बाकीचे एकमेकांकडे बघत अर्धवट उचलले जात होते, कोपरातून. नाना अजून उभेच होते.

"हात नगं. चिठ्ठी."

साहेब आता चिडले. म्हणाले, इथं कोण कुणाला घाबरतंय नाना? हा काय तुमचा कारखाना आहे? नाना म्हणाले, न्हाई ना, मग चिठ्ठीला भ्यायचं काय कारन? साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. सेक्रेटरी म्हणून निर्णय मला द्यायचा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन माणसं एकाच वेळी माझ्याकडून उलटसुलट 'हो' मागत होती. मी काय बोललो ते मला आठवत नाही. बायको सांगते, मी म्हणालो, "कागद आणतो."

मिठाईच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या पडल्या. मोजायला साहेब, नाना आणि मी बसलो. प्रत्येक चिठ्ठी साहेब उघडून मोठ्यानं वाचत होते, 'होय', 'नाही', 'नाही'. एका चिठ्ठीवर 'सेक्रेटरी बदला' असं होतं. तीही त्यांनी प्रामाणिकपणे वाचली आणि बाद ठरवली. मोठ्यानं मंजूर म्हणणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी चिठ्ठीवर नाही लिहिलं होतं. ठराव थोडक्यात पडला. आकडा साहेबांनीच जाहीर केला, आवाज न बदलता.

मग टाळ्या झाल्या. तरुण पोरांपैकी एकानं शीळ घातली, आणि कुणीतरी म्हणालं, चेअरमननी आता राजीनामा द्यावा. मघाशी त्याचाच हात सगळ्यात आधी वर गेला होता. नाना त्याच्यावर असे खेकसले की टाळ्या थांबल्या. साहेब खोकं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकायला गेले, तिथून तसेच वर गेले. रूपाली कधीच झोपायला गेली होती.

मी नानांना हळूच विचारलं, तुम्ही काय लिहिलंत? माझा अंदाज होता की त्यांनी 'होय' लिहिलं असावं. लिफ्टचं दार त्यांच्या कानाशीच आपटायचं. ते म्हणाले, "चिठ्ठी कशासाटी मागितली मग मी?" आणि ते मला आजवर कळलेलं नाही.

संध्याकाळी मी जिन्यातला दिवा बदलायला स्टुलावर चढलो होतो. देशमाने साहेब आमच्या समोरच राहतात. नाना जिना चढून आले, दम घेतला आणि साहेबांची बेल वाजवली. दार साहेबांनीच उघडलं, पण ते दारातच उभे राहिले.

"भांडायला आला असाल तर उद्या या," साहेब म्हणाले.

"न्हाई. कारखान्यात मी इतक्यांदा हारलो, पर हारल्याव माज्या घरी कुनी आलं न्हाई. लई वाईट असतंय ते. म्हनून आलो." नानांनी टोपी सारखी केली. "तुमचं म्हननं अगदीच चुकीचं हुतं असं न्हाई. पुढल्या सभेत इषय परत आना. मी परत इरोध करीन, त्ये येगळं."

 साहेब दारातून बाजूला झाले. नानांनी चपला काढल्या, नवा गुडघा सांभाळत, भिंतीला हात टेकून, आणि आत गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी तोडीची टोळी आल्याचा फोन आला म्हणून ते पहाटेच गावी गेले, आणि तिथूनच गेले.

पण त्या संध्याकाळी मी स्टुलावरून उतरून घरात आलो, तोवर समोरून आवाज चढले होते. आधी साहेबांचा, मग नानांचा, मग दोघांचा एकदम. बायको म्हणाली, जाऊन बघा, हातघाईवर यायचे. मी चपला शोधत होतो, एवढ्यात आमची बेल वाजली. दारात देशमाने वहिनी, हातात रिकामं पातेलं.

"वहिनी, थोडं दूध आहे का हो?" त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "नाना बसलेत. आणि या दोघांचं काही लवकर संपेल असं वाटत नाही."